कर्ज पाच मिनिटांत, पण हप्ता कुठल्या महिन्यात?

पत्र: ताई, मी २८ वर्षांची, घणसोलीत राहते, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत नोकरी करते. आईनं कोपरखैरण्याच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटून, भिशी लावून मला इंजिनीअर केलं. आता दोन मित्रांबरोबर स्टार्टअप काढायचा आहे. घरकाम करणाऱ्या बायका, तुर्भ्याचे भाजीवाले आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची माणसं यांना फोनवर पाच मिनिटांत पाच हजारांचं कर्ज मिळेल, असं ॲप अर्धं तयार आहे. महिन्याची मुदत, फी ४०० रुपये, व्याज महिन्याला फक्त दोन टक्के. एक मित्र म्हणतो, त्यापेक्षा भिशीच ॲपवर आणू. गुंतवणूकदार मिळालाय, त्याची अट एकच: पहिल्या वर्षात एक लाख कर्जदार. माझी बचत सहा लाख, आईची एफडी चार लाख. पण आई म्हणते, "गरिबाला कर्ज देऊन मोठे झालेले आपल्या गल्लीत कमी पाहिलेत का?" आणि पुढे बोलतच नाही. नोकरी सोडू का? आईला कसं समजावू?

उत्तर:

नोकरी आत्ता सोडू नकोस. आईच्या एफडीला हात लावू नकोस. आणि आईला समजावायला जाण्याआधी तिचं म्हणणं पुरतं ऐकून घे, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यात जाणतं वाक्य तिचं आहे. तुझा हेतू चांगला आहे, याबद्दल मला जराही शंका नाही. म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझ्या 'फक्त दोन टक्क्यां'चा हिशेब कागदावर मांडू. कर्ज पाच हजारांचं. फी ४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२. हे पैसे ॲप आधीच कापून घेणार, म्हणजे बाईच्या खात्यात पडले ४,५२८. महिन्यानं तिनं परत करायचे ५,१००. साडेचार हजार महिनाभर वापरायला तिनं मोजले ५७२ रुपये, म्हणजे महिन्याला साडेबारा टक्क्यांहून जास्त. वर्षाचा दर काढ, दीडशे टक्क्यांच्या वर जातो. शेकडा दहानं देणारा सावकार वस्तीत बदनाम असतो, आणि तुमचं ॲप त्याच्याहून महाग पडतंय. यात तुझी लबाडी नाही. पाच हजारांच्या कर्जाची पडताळणी, कागदपत्रं आणि वसुलीचे फोन यांना जो खर्च येतो, जवळजवळ तेवढाच पन्नास हजारांच्या कर्जालाही येतो, त्यामुळे लहान कर्ज मुळातच महाग पडतं. पण घेणारीला कारणापेक्षा आकडा कळायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर कर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाच्या कागदावर लिहून द्यावाच लागतो. तो कागद तयार कर आणि आईला मोठ्यानं वाचून दाखव. तिची मैत्रीण त्यावर सही करील का, एवढंच विचार.

कायद्याची बाजू तुम्ही तिघांनी नीट पाहिलेली दिसत नाही. स्वतःच्या कंपनीच्या पैशातून कर्ज वाटायचं तर एनबीएफसीचा, म्हणजे बिगर-बँक वित्त कंपनीचा, परवाना लागतो आणि नव्या एनबीएफसीला दहा कोटींचा स्वनिधी लागतो. तसं न करता वाटायला लागलात, तर महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा आड येतो. मग उरते भागीदारी: कर्ज परवानाधारक संस्थेचं, ॲप तुमचं. त्यासाठी सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. पैसे थेट देणाऱ्याच्या खात्यातून घेणाऱ्याच्या खात्यात जायचे, मधे तुमचं खातं येता कामा नये. ॲपनं फोनमधली नावं आणि फोटो यांना हात लावायचा नाही. घेतलेलं कर्ज ठरलेल्या मुदतीत दंडाविना परत करायची सोय द्यायची. तुमच्या अर्ध्या बांधलेल्या ॲपमध्ये 'कॉन्टॅक्ट्स वापरू द्या' असा प्रश्न असेल, तर तो आजच काढून टाक. हप्ता चुकला म्हणून बाईच्या नणंदेला, कामाच्या घरच्या मॅडमला फोन गेले, ही छळाची गोष्ट गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांनी फार सोसली आहे.

भागीदार संस्था हमीही मागते. कर्ज बुडालं तर अमुक वाटा आम्ही भरू, असं लिहून द्यावं लागतं, आणि ही हमी कर्जांच्या पाच टक्क्यांच्या वर नेता येत नाही, असा जून २०२३ चा नियम आहे. एक लाख माणसांकडे एका वेळी पाच-पाच हजार म्हणजे ५० कोटी. त्याचे पाच टक्के अडीच कोटी, तेही रोख, मुदत ठेव किंवा बँक गॅरंटीच्या रूपात. तुझे सहा लाख यात कुठे बसतात?

मित्राची भिशीची कल्पना तर अजिबात नको. आईची भिशी दहा-बारा बायकांची असते, सगळ्या एकमेकींच्या दारातल्या. तीच ॲपवर अनोळखी माणसांची झाली की तुम्ही लोकांच्या ठेवी गोळा करणारे ठरता. परवान्याविना ते केलं तर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आहे आणि आपल्या राज्याचा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदाही आहे. यात तुरुंगवास आहे. विषय इथेच मिटव.

आता शहापूर-मुरबाडकडे वळू. तुझ्या पत्रात पाड्यांचा उल्लेख एकदाच, तोही ओझरता येतो, आणि माझी खरी काळजी तिथली आहे.

पाड्यावरचं वर्ष महिन्यांत मोजत नाहीत. कातकरी कुटुंबं पावसाळ्यात, घरातला दाणा संपला की भट्टीमालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतात. दिवाळीनंतर नवरा-बायको-पोरं भिवंडी-कल्याणच्या बाजूला वीटभट्टीवर जातात. तिथे आठवड्याला खर्चापुरते पैसे मिळतात, आणि खरा हिशेब होतो तो पावसाच्या तोंडावर, हंगाम संपताना. त्यातून उचल वजा होते. बाकी निघाली तर ती पुढच्या वर्षावर चढते. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली. तरी विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेला ठाणे जिल्ह्यात ऐंशीच्या दशकापासून वेठबिगार सोडवण्यासाठी लढावं लागलं, ते या उचलीच्या साखळीमुळेच.

या घरात तुझं कर्ज कधी पोचणार? आषाढ-श्रावणात, कारण गरज तेव्हाच असते. हप्ता कधी येणार? पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. त्या महिन्यात त्या घरात येणारा पैसा एकच, तो म्हणजे उचल. तुझे पाच हजार फेडायला ती बाई मुकादमाकडून आणखी पाच हजार उचलणार, आणि ते फेडायला दिवाळीनंतर अंग मोडून विटा पाडणार. तुला तिची सुटका करायची होती, आणि हप्त्याच्या तारखेनं तिला आणखी एक गाठ बसली. महिन्याचा हप्ता हे पगारदाराचं कॅलेंडर आहे. ज्याला महिन्याला पगार नाही त्याच्यावर ते लादलं की व्याजदर कितीही कमी ठेवा, घोटाळा होतोच.

मुरबाड तालुक्यातल्या धसईचं उदाहरण तुला जवळचं आहे. नोटबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. दुकानादुकानांत कार्डाची मशिनं बसली. पुढे तिथले व्यवहार पुन्हा रोखीकडे वळल्याच्या बातम्या आल्या. गावकरी मागासलेले होते म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. रेंज नसली की मशीन मुकं, आणि बँकेत जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. तुझे ग्राहक याच रस्त्यानं ये-जा करणारे आहेत, हे ॲप बांधताना डोक्यात असू दे.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत असं, की आपल्या वस्त्यांत आणि पाड्यांवर नव्या कर्जाइतकीच, किंबहुना जास्त, गरज आहे ती जे पैसे आधीच त्या माणसांचे आहेत ते त्यांच्या हातात पडण्याची. मी बँकेच्या काउंटरच्या आतही बसले आहे आणि नंतर बचत गटांच्या बैठकांतही. दोन्हीकडे एकच चित्र दिसलं: खातं आहे, पासबुक आहे, पण त्यात काय चाललंय ते सांगणारं माणूस नाही.

जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली, आणि आज देशात ५० कोटींच्या वर जनधन खाती आहेत. खातं नसलेलं घर आता क्वचितच सापडतं. अडतं ते पुढे. ऑगस्ट २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार यायला लागले, तेव्हा कितीतरी बायकांनी एका बँकेत रांग लावली आणि पैसे जमा झाले भलत्याच खात्यात. अशा योजनांचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं कधी गावाकडे पोस्टात उघडलेलं असतं, तर कधी सिमकार्डाच्या दुकानात अंगठा देताना उघडलं गेलेलं. बाईला त्याचा पत्ताच नसतो.

दुसरं बघ. पासबुकात मेअखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसतात. बाईला वाटतं, बँकेनं दंड कापला. तो असतो जीवनज्योती विम्याचा हप्ता, आणि खातेदार गेला तर घरच्यांना दोन लाख मिळायचे असतात. सोबत २० रुपये कापले असतील तर तो अपघात विमा, तोही दोन लाखांचा. नवरा गेल्यावर बायको पासबुक कपाटात ठेवून देते आणि दोन लाख मागायचेच राहून जातात. हा दावा वेळेवर करून देणारं कुणी गल्लीत असतं, तर त्या घराला तुझ्या पाच हजारांची गरजच पडली नसती.

आणखी एक. अंगठा लावून पैसे काढताना मशीन म्हणतं 'व्यवहार अयशस्वी', पण खात्यातून पैसे गेलेले असतात. भांडी घासून, सिमेंट कालवून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे अंगठा चार-चारदा लावावा लागतो, हा त्रास वेगळाच. असे अडकलेले पैसे पाच दिवसांत परत आले नाहीत तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. हे किती जणींना ठाऊक आहे, ते तुर्भे स्टोअरला चार जणींना विचारून बघ. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं खातं सुरू करायला बँकेनं पैसे घ्यायचे नसतात, हेही असंच. तक्रार घेऊन कुठे जायचं? आधी बँकेकडे लेखी द्यायची, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आणि फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

तुझं तंत्रज्ञानाचं ज्ञान इथे लाव. पासबुकाच्या नोंदी मराठीत सोप्या करून सांगणारं, कुठल्या खात्याला आधार जोडलंय ते शोधायला मदत करणारं, दाव्याची कागदपत्रं जमवून तारखा लक्षात ठेवणारं साधन बांध. आणि ते बाईच्या हातात देण्याआधी वस्तीतल्या एखाद्या माहितगार बाईच्या हातात दे, कारण फोनचा प्रश्न तू लिहिलेलाच नाहीस. घरात चांगला फोन असतो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे. ओटीपी त्याच्याकडे जातो. कर्ज बाईच्या नावावर आणि पैसे त्याच्या हातात, असं होतं, आणि हप्ता मात्र तिच्या अंगावर येतो. हे तुझ्या आईला सांगावं लागणार नाही.

याला पैसे कोण देणार, हा तुझा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. दोन लाखांच्या दाव्यातून कमिशन घ्यायचं नाही, हे आधीच ठरवून टाक. विधवेच्या पैशातला वाटा घेणारे दलाल आधीच पुष्कळ आहेत. पण बँकांना प्रतिनिधी हवे असतात आणि त्या व्यवहारामागे कमिशन देतात. ही पद्धत रिझर्व्ह बँकेनं २००६ मध्ये सुरू केली. तुझ्या शेजारी, जुईनगरला मुख्यालय असलेली फिनो त्याच वर्षी निघाली, बँकांसाठी दारोदार सेवा देत वाढली आणि २०१७ मध्ये पेमेंट्स बँक झाली. पेमेंट्स बँकेला स्वतः कर्ज देताच येत नाही, तरी धंदा उभा राहतो. दुसरा रस्ता बचत गटांचा. नाबार्डनं १९९२ मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. आपल्याकडे माविम आणि उमेद या सरकारी यंत्रणांनी गावोगावी गट बांधले. पण कित्येक गटांचे हिशेब अजून वहीत, आणि ती वही एकाच बाईला कळते. तो हिशेब नीट ठेवून दिला तर गटाला बँकेचं कर्ज लवकर मिळतं. ते साधारण बँकेच्या दरानं मिळतं, तुझ्या ॲपच्या दरानं नाही. अशा सेवेला पैसे मोजतील ते गट जोडणाऱ्या संस्था आणि बँका. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या ज्या कारखान्यांना कंपनी कायद्यानं नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यांचीही दारं ठोठाव. यातून तू झटपट श्रीमंत होणार नाहीस. पण तिघांचे पगार निघतील इतकं काम इथे आहे, असं मला मनापासून वाटतं.

कर्ज कधीच देऊ नकोस, असं मी म्हणत नाही. बायकांना कर्ज हवंच असतं, फीसाठी, बाळंतपणासाठी, गाडीवर माल भरायला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं परत पाठवला होता, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. संस्थापक चेतना सिन्हा आणि त्या बायका पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. या दोन्ही ठिकाणी माणसं आधी जोडली गेली आणि कर्ज त्यांच्या धंद्याच्या चालीनं दिलं गेलं. भाजीवाल्याला रोजचे थोडे पैसे परवडतात, खानावळवालीला महिन्याचे, पाड्यावर हंगामाचे. तुमची सेवा वर्षभर चालली की कुणाच्या घरात पैसा कधी येतो आणि कधी आटतो, हे तुम्हाला कळलेलं असेल. मग भागीदार संस्थेशी बोलायला बस, हातात ती माहिती घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमात आणखी एक चांगली गोष्ट आहे: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. पाच मिनिटांत हे तपासता येत नाही. सावकाराचं, भिशीचं आणि उचलीचं देणं कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कुठल्याच क्रेडिट ब्युरोत दिसत नाही. ते दिसतं शेजारणीला.

गुंतवणूकदाराच्या एक लाखाच्या अटीबद्दल. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये काय झालं ते तिघांनी मिळून वाचा. गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या माणसांना कर्जदारांचे आकडे गाठायचे होते, एकाच घरात तीन-चार कंपन्यांनी कर्ज दिलं, वसुलीच्या तगाद्यात आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्यानंतर तिथली वसुली कोसळली, म्हणजे कंपन्याही बुडाल्या आणि प्रामाणिकपणे फेडणाऱ्या बायकांना पुढे कर्ज मिळणंही अवघड झालं. एक लाखाची अट घेऊन तू कामाला लागलीस की नको त्या बाईलाही कर्ज देणार. आकडा तुला तसं करायला लावणार.

नोकरीचं असं कर. कंपनीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाच. मग पुढचे सहा महिने शनिवार-रविवार तुर्भ्याच्या किंवा दिघ्याच्या एखाद्याच बचत गटासोबत घालव, आणि पावसाळ्यात काही दिवस शहापूरकडे. तिघांचा घरखर्च वर्षभर निघेल अशी रक्कम बाजूला पडली आणि एखाद्या बँकेनं किंवा संस्थेनं लेखी काम दिलं, की राजीनामा दे. केंद्राच्या उद्योग विभागाची, म्हणजे डीपीआयआयटीची, स्टार्टअप मान्यता घेऊन ठेव; २०२१ च्या सीड फंडाच्या योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय होती, ती आत्ता चालू आहे का ते तपासून घे, कारण अशा अनुदानावर गुंतवणूकदाराची अट नसते.

आईला समजावू नकोस, कामाला घे. आणि पगार देऊन घे, उपकार म्हणून नको. कोपरखैरण्यात कुणाची भिशी कधी फुटली, कुणी चोख पैसे दिले, कुणाच्या नवऱ्यानं उचलून नेले, कुठल्या महिन्यात सगळ्यांचीच ओढाताण होते, हे तिला पाठ आहे. आधी तिला विचार, तुझ्या शिक्षणासाठी घेतलेलं सगळ्यात जड कर्ज कुठलं होतं आणि ते जड का झालं. ती बोलणं थांबवते ते कदाचित तू अजून हे विचारलं नाहीस म्हणून.

गुंतवणूकदाराला या आठवड्यात लिहून कळव: पहिल्या वर्षी कर्जदार शून्य असतील, त्याऐवजी किती खाती सुरळीत झाली, किती विमा दावे मिळवून दिले आणि किती अडकलेले पैसे परत आणले, त्यावर आमचं काम मोजा. तो हो म्हणाला तर अट करारात तशी घालून घे. नाही म्हणाला तर त्याचे पैसे घेऊ नकोस.